पंखाखालची सवत

काकासाहेब माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे, लंकाबाईचे यजमान. श्रीरामपूरच्या बाहेर उसाच्या मळ्यांमध्ये एक लहानशी खासगी धावपट्टी आहे. तिथं ते मुलांना विमान चालवायला शिकवतात. खर्ड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा हा मुलगा हवाई दलात गेला तो यंत्रं दुरुस्त करायला. उडायला शिकला नंतर, हट्टानं. आता साठी ओलांडली तरी त्यांचा हट्ट तसाच आहे.

आमची नाटक कंपनी बंद पडल्यावर मी बहिणीकडे राहायला आले, तेव्हापासून हा माणूस मी रोज जवळून पाहते. धावपट्टीवर त्यांचा रुबाब नायकाचा. वेगाच्या काट्यावर रुमाल टाकायचा आणि शिकणाऱ्याला म्हणायचं, "आता बुडानं ऐक." विमान पडायच्या बेताला आलं की आसन थरथरतं, हातातला दांडा ढिला लागतो, वाऱ्याचा आवाज उतरतो. हे अंगाला कळलं पाहिजे, हा त्यांचा धडा. पोरं घाबरून त्यांच्या तोंडाकडे बघायची आणि त्या बघण्यावर दाजी जगायचे. टाळीवर जगलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही.

मग अमृत आला. नगरचा तरुण शिक्षक, बोलायला गोड. त्यानं धावपट्टीच्या मालकांना सांगून दोन सीटांच्या विमानाला एक नवं यंत्र बसवून घेतलं. ते कशाचं, हे दाजींनीच मला जेवताना समजावलं, तेही भाकरी रागानं मोडत. चालत्या टेम्पोतून तळहात बाहेर काढायचा. जरा वर कलवला की वारा हाताला उचलतो, आणखी कलवला की आणखी उचलतो. पण एका हद्दीपुढे उचलणं संपतं आणि हात नुसता मागे ढकलला जातो. पंखाचंही तसंच. वारा फार तिरपा भिडला की पंखावरची हवा सुटते आणि विमान खाली बसतं. वेगाचा काटा हे सरळ सांगत नाही, कारण वजन वाढलं किंवा वळण घेतलं की तीच हद्द वेगळ्या वेगाला येते. कोनाची हद्द मात्र बदलत नाही. म्हणून पंखाखाली बोटाएवढी नळी लावतात. तिला दोन भोकं, एक समोर बघणारं, एक खाली तिरपं. दोन्हींवरच्या दाबातल्या फरकावरून कोन कळतो आणि काचेजवळ दिवा लागतो. हिरवा म्हणजे चालू द्या, पिवळा म्हणजे जपा, लाल म्हणजे नाक खाली घ्या.

"मग चांगलंच की," मी म्हटलं.

"चांगलं हाय. न्हाई कोण म्हणतंय?" दाजी म्हणाले. "पण आता पोरं माझ्याकडं बघत न्हाईत. त्या दिव्याकडं बघत्यात."

लंकाबाई वाढता वाढता म्हणाली, "मला जन्मभर सवत आणली नाही यांनी. आता यांनाच आली." मी हसले. दाजी हसले नाहीत.

त्यांचा सगळा जीव होता अश्विनीवर. शेवगावकडच्या शेतकऱ्याची लेक. तिच्यासारखे हात मी वीस वर्षांत पाहिले नाहीत, असं ते म्हणत. तिनं पहिल्यांदा एकटीनं उडायचं ते आपल्या परवानगीनं, आपल्या शब्दावर, एवढीच त्यांची इच्छा होती. पण तीही आता उतरली की आधी अमृतकडे जाई आणि दिवा कधी पिवळा झाला ते सांगत बसे. दाजी लांब उभे राहून चहा थंड करत. मत्सर मी रंगाच्या थराखालूनही ओळखते. इथं तर चेहऱ्यावर रंगही नव्हता.

दसऱ्याला तिथं विमानाची पूजा होते, हत्यारांची व्हावी तशी. दाजी नाकावरच्या पंख्याला झेंडूची माळ घालतात, चाकांना हळद-कुंकू लावतात. गवत कापायचा विळासुद्धा सुटत नाही. यंदा त्यांनी ती नळी तेवढी सोडली, मुद्दाम. अश्विनीच्या ते लक्षात आलं. "ही राहिली की," म्हणत तिनं ओली हळद आणि कुंकू बोटांनी नळीला भरपूर लावलं, नमस्कार केला.

दुसऱ्या सकाळी तिची परीक्षा होती. दाजी शेजारी बसून बघणार आणि एकटीला सोडायचं की नाही ते ठरवणार. उडण्याआधी तिनं विमान नियमाप्रमाणे तपासलं, पण पूजेचं कुंकू पुसायचं नसतं, म्हणून नळीला हात लावला नाही. मागोमाग दाजी वाकले. खालच्या भोकात हळद सुकून घट्ट बसलेली त्यांना दिसली.

"तोंडापर्यंत आलं हुतं," ते मला नंतर म्हणाले. "गिळलं."

त्या दिव्यानं तिच्यासमोर एकदा खोटं बोलावं, एवढंच त्यांना हवं होतं. बरीच उंची घेतल्यावर तिनं विमान संथ केलं, नाक वर घेत गेली. दिवा हिरवा. आणखी वर. तरी हिरवाच. दाजींचा हात दांड्याजवळ होता आणि मनात दिव्याला खोटं पाडणारं वाक्य तयार होतं. तेवढ्यात तिनं स्वतःच नाक खाली घेतलं.

"काका, हा दिवा चुकतोय," ती म्हणाली. "आसन थरथरतंय आणि हा हिरवाच."

त्यांनी शिकवलेलं सगळं तिच्या अंगात मुरलं होतं. त्यांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

खाली उतरल्यावर तिनं नळी पाहिली, भोकातली हळद पाहिली. आधी स्वतःवरच चिडली. मग हळूच वळून विचारलं, "तुम्हीही वाकून बघितलं होतं ना?"

दाजी मोठमोठ्यानं बोलणारे. त्या वेळी एवढंच म्हणाले, "व्हय. दिसलं हुतं."

ती रडली नाही, भांडली नाही. कार्यालयात जाऊन तिनं मालकांना सांगितलं की माझी परीक्षा अमृत सरांनी घ्यावी. मालकांनी कारण विचारलं, तर तिच्या आधी दाजींनीच सांगून टाकलं. काही दिवस त्यांना उडायला बंदी झाली. ते घरी बसले आणि लंकाबाईच्या भाजीला नावं ठेवू लागले.

अश्विनी एकटी उडाली तो दिवस आम्हाला विमानाच्या आवाजावरून कळला. दाजी अंगणात मान वर करून उभे होते. मी मुद्दाम आत राहिले. एखाद्याचा प्रवेश दुसऱ्यानं केला की त्याला विंगेत एकटं सोडावं.

संध्याकाळी ती पेढे घेऊन आली. लंकाबाईच्या पाया पडली, माझ्याही. दाजींसमोर नुसती उभी राहिली.

"उतरताना दिवा बघत हुतीस?" त्यांनी विचारलं.

"बघत होते. आसनाकडेही लक्ष होतं."

"कुणी शिकवलं?"

"दिव्याचं अमृत सरांनी," ती म्हणाली, "आसनाचं तुम्ही." पेढा त्यांच्या हातावर ठेवला आणि बस म्हणायच्या आधीच निघून गेली.

दाजींनी पेढा खाल्ला. डोळे पुसले. मग लंकाबाईला म्हणाले, "नाव आधी त्याचं घेतलं, ऐकलंस ना?"