जीप वर नेली तो गुरुवार

मला गप्प बसता येत नाही. शेजारणीने फोडणीत आधी हळद टाकली तरी मी बोलते. बुऱ्हाणपुरात, लोधीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीला हे पाठ आहे, आणि माझ्या हाताखाली शिकलेल्या डॉक्टरांना तर विचारूच नका. म्हणून सरकारी नोकरीतून मोकळी झाल्यावर नव्या डॉक्टरांना डोंगरातल्या दवाखान्यात वर्षभर तयार करायचं काम मी घेतलं, तेव्हा स्वतःलाच एक नियम घातला. पहिले चार महिने काम मी करणार, ते बघणार. नंतर ते करणार, मी बघणार, आणि बघताना मध्ये तोंड घालायचं नाही. कुणाच्या जिवावर बेतलं तरच बोलायचं.

नियम उगाच नव्हता. पंचविशीत मी अशाच एका दवाखान्यात होते. साधी सलाईन लावायची तरी बुऱ्हाणपूरच्या साहेबांना विचारायची. साहेब तिथून उंटावरून शेळ्या हाकायचे आणि मी इथे त्यांच्या होकाराची वाट बघत बसायची. स्वतःच्या डोक्याने चालायला मला दहा वर्षं लागली. या पोरांची तेवढी वर्षं वाया जाऊ नयेत, एवढीच माझी तगमग. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही बाबांनो, असं मी त्यांना उठता-बसता ऐकवायची.

त्या वर्षी माझ्याकडे शाहपूरची एक पोरगी होती, केळीवाल्याची लेक. फटकळ, पायाला भिंगरी, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलणारी. "मॅडम, तुम्ही टेन्शन नका घेऊ, मी करून घेते ना," हे तिचं ठरलेलं. वरच्या आदिवासी लोकांची बारेली बोली तिने चार महिन्यांत कामापुरती उचलली. बायका तिच्यापाशी बसून हसायच्या, माझ्यापाशी नाही. मला तिचं कौतुक वाटायचं, आणि खरं सांगते, थोडं झोंबायचंही.

होळीच्या आधी एक गरोदर बाई तिच्या तपासणीत आली. वीस-एकवीस वर्षांची, आठवा महिना, हिमोग्लोबिन पाचावर आलेलं. पहिलं मूल पोटातच गेलेलं. तिला लवकरात लवकर बुऱ्हाणपूरला नेऊन रक्त चढवायला हवं होतं, नाहीतर बाळंतपणात ती हातची जाणार, हे आम्हा दोघींना स्पष्ट दिसत होतं. पोरीने तिला आणि तिच्या सासूला समोर बसवून अर्धा तास समजावलं. सासू कडक होती, पण शेवटी म्हणाली, "गुरुवारी येतो. धान्य दळून ठेवते, मग येतो."

गुरुवारी दुपारपर्यंत कुणी आलं नाही. पोरगी दारात येरझाऱ्या घालत होती. मी आत बसून येरझाऱ्या घालत होते, म्हणजे मनातल्या मनात. आमची सिस्टर, जी वीस वर्षं त्याच भागात फिरली आहे, ती नेमकी त्या दिवशी लसीकरणाला दुसऱ्या गावी गेलेली.

"मॅडम, चला," पोरगी म्हणाली. "जीप थेट घरापर्यंत नेऊ. त्या बाईला एवढं उतरून यायला लावायचं म्हणजे जुलूम आहे."

आमची जीप आजवर कधी घरापर्यंत गेली नव्हती. खाली नाल्यापाशी थांबायची. सिस्टर उतरायची, वर हाक द्यायची, कुणीतरी खाली यायचं, मग आम्ही चालत जायचो. पोरीला वाटायचं, पुढे रस्ता नाही म्हणून थांबतो. आणि आता तर पुढच्या चढावर नुकताच मुरूम टाकून रस्ता केलेला. तिचं काय चुकलं?

खरं कारण मला ठाऊक होतं. तीनेक वर्षांपूर्वी अशीच एक पांढरी गाडी त्या तेव्हाच्या कच्च्या चढावरून वर गेली होती आणि तिच्या मागोमाग जंगलखात्याची झोपड्या पाडणारी माणसं. तेव्हापासून गाडीचा आवाज नाल्याच्या वर आला की अख्खा फालिया रानात पळतो. फालिया म्हणजे काय, उतारावर लांब लांब विखुरलेली दहा-बारा घरं. एकाने आवाज ऐकला की तो पुढच्याला ओरडून सांगतो. गाडी कुणाची, हे बघायला कुणी थांबत नाही.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. देवाशप्पथ, मिटलं. लोक पळतील, घरं रिकामी सापडतील, पोरगी हात हलवत परत येईल, उद्या सिस्टरला घेऊन नीट जाईल, असा माझा हिशेब. यात जिवावर बेतण्यासारखं काय आहे, असं मी स्वतःला सांगितलं. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, एक बारीकसा आनंद होता. बघू दे जरा हिला. सगळं येतं ना हिला!

नाला ओलांडून जीप चढाला लागली तेव्हा वरून एक लांब हाळी ऐकू आली. मग दुसरी, आणखी लांबून. पोरगी म्हणाली, "बघा, आपल्याला बोलावून राहिले." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

घर उघडं होतं. तव्यावर मक्याची भाकर करपत होती. दळलेलं पीठ अर्धं टोपलीत, अर्धं जमिनीवर. म्हणजे सासू शब्दाला जागत होती, फक्त तिला उशीर झाला होता. मागच्या शेतातून रानाकडे चढत जाणाऱ्या पावलांच्या खुणा होत्या, त्यांत एक पाऊल घसरून कुणीतरी आडवं पडल्याची खूण. शेण्यांचा ढीग तिथे कोसळलेला. पोरगी वाकून बघत राहिली.

"आठव्या महिन्याची बाई पळाली?" ती म्हणाली. "काहून? आपल्याला बघून?"

मग मी सांगितलं. सगळं, तिथेच उभ्या उभ्या.

तिने भाकर तव्यावरून उतरवली, चूल विझवली. मग माझ्याकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"खाली होतो तेव्हा पण?"

"हो बेटा. मला वाटलं, तू स्वतः शिकशील."

"शिकले ना," ती म्हणाली. "पण पळाली ती. मला शिकवायला तिला पळवलं तुम्ही?"

मी म्हटलं, मी जाते वर, मला पायवाट माहीत आहे. आयुष्यभराची सवय, लगेच पदर खोचला. तिने मला हाताने अडवलं. "नाही. तुम्ही गाडी खाली न्या, नाल्याच्या पलीकडे, दिसणार नाही अशी. आणि तिथेच थांबा. मी इथे बसते." ती विचारत नव्हती, सांगत होती. मी गेले.

तीन तास मी नाल्याच्या वाळूत चालत होते, इकडून तिकडे, तिकडून इकडे. ड्रायव्हर दोनदा म्हणाला, "मॅडम, बसा ना." कशी बसणार? वर एकटी पोरगी अंगणात बसून बारेलीत हाका देत होती, मध्येच ऐकू यायचं. स्वतःचं नाव सांगत होती, गाडी गेली म्हणून सांगत होती. मग बराच वेळ काहीच ऐकू येईना. रानातच सुटली असेल तर? कुणाला कळणार?

ऊन उतरता उतरता त्या आल्या. पुढे सासू, मागे पोरीच्या खांद्यावर सगळा भार टाकून ती बाई. लुगडं भिजलेलं. कळा सुरू झालेल्या. बुऱ्हाणपूरच्या वाटेवर पोरगी मागे तिचा हात धरून बसली होती आणि तिथल्या दवाखान्याला फोनवर रक्ताचा गट सांगून, कुणालाही न विचारता, बाटल्या तयार ठेवायला लावत होती. मी पुढच्या सीटवर होते. मला कुणी काही विचारलं नाही.

बाई वाचली. बाळ दोन दिवस जगलं. मुलगी होती.

बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यातली डॉक्टरीण मला म्हणाली, ताई, एवढं कमी रक्त, हे तसंही झालं असतं. असेलही. मी चाळीस वर्षं डॉक्टर आहे, मीसुद्धा एखाद्या आईला हेच सांगितलं असतं. पण ते घसरलेलं पाऊल काही केल्या डोळ्यांसमोरून जात नाही. झालं असतं की मी केलं? जेवताना, देवापुढे दिवा लावताना मध्येच उठते आणि घरभर फिरते. याचं उत्तर मला कुणी देऊ शकत नाही.

पंधरा दिवसांनी आम्ही त्यांच्याकडे गेलो, नाल्यापाशी उतरून, हाक देऊन, चालत. गावचा पटेल आला, शेजारपाजारचे आले. पाणी दिलं, कुणीच घाई केली नाही. मग पोरगी उभी राहिली आणि त्यांच्या बोलीत म्हणाली, "गाडी मी वर आणली. चूक माझी आहे." हात जोडले. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. मला वाचवत होती, कालची पोर!

माझ्याच्याने राहवलं नाही. मी उठून म्हटलं, "हिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी बोलले नाही."

पटेल खाली बघू लागला. ती बाई भिंतीला टेकून बसली होती, तिने डोळे मिटून घेतले. सासू मात्र माझ्याकडे बघत राहिली. रागाने असतं तर बरं झालं असतं. मग ती पोरीकडे वळली आणि म्हणाली, "डॉक्टरबाई, तू ये. दर गुरुवारी ये. सुनेला दाखवायचंय. पण हिला आणू नको."

पुढच्या गुरुवारी सकाळी मी पिशवी भरून दवाखान्याच्या पायरीवर उभी होते. पोरीने सिस्टरला पुढे बसवलं, औषधांची पेटी मागे चढवली. मग माझ्यापाशी आली, माझ्या हातातली पिशवी हळूच काढून घेतली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही इथली ओपीडी बघा." जीप निघाली. बाकावर पेशंट बसले होते, मी आत जाऊन पहिल्याला बोलावलं.