माझ्या भुवया आणि अंबरपेठची बालवाडी

काचीगुड्याचं तिकीट असेल तर सिकंदराबादला उतरू नये, एवढी साधी गोष्ट वामनरावांनी मला फोनवर दोनदा समजावली होती. पण गाडी थांबली, अर्धा डबा बॅगा ओढत दाराकडे निघाला आणि जालन्याहून रात्रभर कुशी बदलत आलेल्या माझ्या मेंदूने ठरवलं की अर्धा डबा काही मूर्ख नसतो. मी उतरलो. गाडी माझा मित्र जिथे वाट पाहत होता तिकडे, म्हणजे काचीगुड्याला, निघून गेली.

बाहेर रिक्षावाल्याला मी विचारलं, "हे काचीगुडा नाही?"

त्याने आधी माझ्याकडे आणि मग माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या लाकडी छडीकडे पाहिलं. "चाचा, दोनों जगा ट्रेन रुकती बोलके दोनों स्टेशन एक नै होते. बैठो."

मी बसलो. वामनराव नारायणगुड्यात राहतात. घराण्यात निजामाच्या काळापासून वकिली आणि सरकारी नोकऱ्या, त्यामुळे रागावले तरी अदबीने रागावतात. काचीगुड्याहून परतून ते दारात उभे होते. "या. आम्ही स्टेशनावर आपली वाट पाहिली, आपण शहराची पाहणी करून आलात. उत्तम झालं."

मी एका अध्यापक विद्यालयात बालविकास शिकवून निवृत्त झालो आहे. मूल काय शिकलं, कसं वाढतंय, खुशीत आहे की नाही, हे कसं तपासावं यावर मी आयुष्यभर बोललो. माझं एक वाक्य तर विद्यार्थ्यांना पाठ होतं आणि माझ्या पाठीमागे ते त्याची नक्कलही करत: "तपासणाऱ्याचा चेहरा कोऱ्या पाटीसारखा हवा." प्रत्यक्ष मुलं तपासायचा प्रसंग मात्र फारसा आला नव्हता. अंबरपेठेत मराठी मंडळींची एक बालवाडी आहे. तिथल्या मोठ्या गटातली मुलं यंदा पहिलीला जाणार होती. बाहेरच्या कुणीतरी त्यांना एकदा पाहावं अशी बालवाडीच्या शैलाताईंची इच्छा होती. वामनरावांनी माझं नाव सुचवलं. ते अजून त्याबद्दल माझी माफी मागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला कोपऱ्यावरच्या बंडीवर (हातगाडीवर) इडली खायला घेऊन गेले. इडलीशेजारी लालसर कोरडी पूड होती. आमच्याकडच्या मेतकुटाची ही कुणी मावसबहीण असावी, असं समजून मी चांगला चमचाभर तोंडात टाकली. ती कारम पोडी (सुक्या मिरच्यांची चटणी) होती. पुढची काही मिनिटं मी कुठे होतो ते सांगता येणार नाही. डोळे पुसून पाहतो तो बंडीवाला आणि त्याची गिऱ्हाइकं खाणं थांबवून माझ्याकडे पाहत होती.

"आपला चेहरा फार बोलका आहे," वामनराव पाण्याचा पेला पुढे करत म्हणाले. मी तो शेरा कौतुक म्हणून घेतला.

बालवाडी एका कापडदुकानाच्या वर, मंडळाच्या लांबट हॉलमध्ये भरते. जिन्यातच मुलांचा आवाज कानावर येतो, आणि त्यात मराठी किती, तेलुगू किती आणि दखनी किती हे निवडत बसणं म्हणजे भेळेतून कुरमुरे वेगळे काढणं. "शैलाताई, ये मेरेकू ढकललाय." "नक्को ना रे." "अम्मा येते तेव्हा सांगते मी." शैलाताई साठीच्या, सडपातळ, आवाज अजिबात न चढवणाऱ्या बाई.

"सर, आम्हाला लळा लागलेला असतो," त्या म्हणाल्या. "आम्हाला सगळीच हुशार वाटतात. म्हणून तुम्ही बघा. फक्त घाबरवू नका."

मी छडी काढली. घाबरवण्यासाठी नव्हे. माझी पद्धत अशी: भिंतीलगत दोरी बांधायची, तिला चिमट्यांनी चित्रं लटकवायची, जरा लांब जमिनीवर खडूची रेघ मारायची. मूल रेघेमागे उभं राहतं. मी विचारतो, "यातलं पाण्यात कोण राहतं?" आणि छडी एकेका चित्रावरून हळूहळू नेतो. बरोबर चित्र आलं की मुलाने म्हणायचं, "हे!" बोलायला लाजणाऱ्या मुलालाही जमतं. शिवाय मणी ओवणं, मातीचा गोळा, गोष्ट ऐकणं, डबा खाताना कोण कुणाशेजारी बसतं, रुसवा किती वेळ टिकतो, हेही मी बघणार होतो.

अन्वी नावाची चुणचुणीत मुलगी पहिली आली. तिने सगळी उत्तरं अचूक दिली. पुढच्या मुलानेही. त्याच्या पुढच्यानेही. सावली कशामुळे पडते याचं चित्र तर पहिलीतल्या मुलांनाही अवघड जातं, पण अंबरपेठेत ते कुणालाच गेलं नाही. मला भरून आलं. जेवणाच्या सुट्टीत मी वामनरावांना फोन करून सांगितलं, की इथल्या हवेत काहीतरी आहे.

"धूळ आहे," वामनराव म्हणाले.

अपवाद फक्त एका मुलीचा होता. ईश्वरी, अन्वीची जिवलग. दोघींचा डबा एक, भांडण एक. ईश्वरी रेघेमागे उभी राहिली आणि गप्प झाली. छडी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली. मग तिने घाईघाईने कुठेतरीच "हे" म्हटलं. पुन्हा चुकीचं. मधूनच ती रेघ ओलांडून पुढे सरकायची आणि मी छडीने दाखवायचो, "बाळ, रेघेच्या मागे." ती निमूटपणे मागे जायची. मणी तिने सुरेख ओवले, पण अगदी नाकाला लावून. ती सवय मोडायला हवी, असं मी मनाशी नोंदवलं. गोष्ट तिला शब्दन् शब्द आठवत होती. ते मी पाठांतरावर ढकललं. आता वाटतं, त्या पोरीने मला सगळं सांगून टाकलं होतं. फक्त लिहून देणं बाकी होतं.

संध्याकाळी ईश्वरीचे वडील, बालाजी, तिला न्यायला आले. मूळचे उदगीरकडचे शेतकरी, आता अंबरपेठेत पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. हाताला ग्रीसचा वास, बोलणं मऊ. "सर, आमच्या पोरीचं कसं काय?"

शैलाताई दुसऱ्या पालकांशी बोलत होत्या. त्यांची वाट पाहावी एवढं भान मला राहिलं नाही. मी सांगून टाकलं, की इतर मुलांच्या मानाने ती बरीच मागे आहे, यंदा पहिलीची घाई नको.

बालाजींनी मान हलवली. जणू त्यांना हे माहीतच होतं. "मी बी असाच होतो बगा. मास्तर रोज उभं करायचे. तिला उभं केलेलं मला नै बघवणार." मग ते म्हणाले, "रविवारी आई येणार हाय गावाकडून. तिच्यासंगं लावून देतो हिला. तिथं आज्जीजवळ राहील, गुरंढोरं बघंल. शाळेचा ताप नै."

ईश्वरी त्यांचं बोट धरून उभी होती. अन्वीची आई जिन्यातून हाक मारत होती आणि दोघी मैत्रिणी एकमेकींना उद्याच्या डब्यात काय आणायचं ते बजावत होत्या.

शैलाताईंना कळलं तेव्हा त्या फक्त म्हणाल्या, "एवढ्यात कशाला बोललात, सर?" आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. रात्री सुमनवहिनींनी, वामनरावांच्या पत्नीने, ज्वारीची भाकरी आणि गोंगुऱ्याची (अंबाडीची) भाजी केली होती. आवडती असूनही मला ती गेली नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी आणि शैलाताई चहा घेत होतो. हॉलच्या दुसऱ्या टोकाला मुलांचा खेळ रंगला होता. अन्वी 'सर' झाली होती. भातुकलीतला वाढायचा डाव तिची छडी. तिने पोट पुढे काढलं, घसा खाकरला (हे मी करतो, हे मला तेव्हा कळलं) आणि विचारलं, "यातलं कोण उडतं?"

भिंत कोरी होती. दोरी नाही, चित्रं नाहीत, काही नाही. अन्वी डाव भिंतीवरून हळूहळू नेऊ लागली. मुलं श्वास रोखून रेघेमागे उभी. एका जागी अन्वीच्या दोन्ही भुवया टुणकन कपाळावर चढल्या आणि सगळी मुलं एका आवाजात ओरडली, "हे!"

"शाब्बास," अन्वी माझ्या आवाजात म्हणाली. "यातलं पाण्यात कोण राहतं?" डाव फिरला, भुवया उडाल्या. "हे!"

शैलाताईंनी चहाचा कप खाली ठेवला. त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि माझ्याकडे पाहिलं की आणखी हसत होत्या, कारण माझ्या भुवया तेव्हा कुठे असतील ते सांगायला नको. कोऱ्या पाटीवर मी उत्तरं लिहून दाखवत होतो. माझी हुशार मुलं चित्रांकडे बघतच नव्हती.

मग ईश्वरीची पाळी आली. ती रेघेमागे उभी राहिली. डाव फिरला, अन्वीच्या भुवया चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या. ईश्वरी गप्प. मुलं हसू लागली. तेव्हा ती सरळ रेघ ओलांडून गेली, अन्वीच्या नाकाला नाक लावून उभी राहिली आणि दोन्ही हातांनी तिचं कपाळ चाचपलं. भुवई बोटांखाली हलली तशी ती म्हणाली, "हे."

शैलाताईंचं हसणं थांबलं.

"तिला दिसत नाहीये," शैलाताई म्हणाल्या.

आम्ही दोघं तिला घेऊन तडक बालाजींच्या दुकानात गेलो. ते मोटार उघडून बसले होते. मी चुकलो, तिचे डोळे तपासायला हवेत, असं सांगितल्यावर त्यांनी पाना खाली ठेवला. "एवढ्या पोरीला चष्मा? आमच्या घरात कुणाला नै सर. काल म्हणला मागं हाय, आज म्हणता डोळे. उद्या काय म्हणताल?"

प्रश्न रास्त होता. समोरच्या भिंतीवर, काउंटरच्या पलीकडे, कुठल्याशा पाइपवाल्याचं कॅलेंडर टांगलेलं होतं. मी ईश्वरीला विचारलं, "त्या कॅलेंडरावर चित्र कशाचं आहे?"

तिने डोळे बारीक केले. "लाल आहे."

बालाजी हसले. "एवढ्या लांबचं कुणाला दिसतंय सर? मला बी लालच दिसतंय."

शैलाताईंनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. चित्र गणपतीचं होतं. खाली तारखा होत्या आणि एकादशीच्या चौकोनात छोटीशी तुळस होती. मी ते सगळं जागेवरून वाचून दाखवलं. बालाजींना वाटलं, मी पाठ करून आलोय. त्यांनी मला लांबची दुसरी वस्तू ओळखायला सांगितली, मग तिसरी. शेवटी स्वतः उठून रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या पाटीशी गेले, ती वाचली, परत आले आणि मला वाचायला लावली. मला तेलुगू येत नाही म्हणून मी आकार सांगितले: जिलेबी, गोळा, जिलेबी, तुरा. ते मटकन स्टुलावर बसले.

नारायणगुड्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी लेकीला तपासलं, मग न विचारता बापाला खुर्चीत बसवलं. ईश्वरीचा नंबर बराच होता, बालाजींचा त्याहून थोडा कमी. "आतापर्यंत गाडी कशी चालवली?" त्यांनी विचारलं.

"हळू," बालाजी म्हणाले.

चष्मे आबिड्सच्या दुकानात शनिवारी मिळाले. ईश्वरीने जांभळी फ्रेम निवडली होती. चष्मा लावल्या लावल्या तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं. "सर, तुम्ही म्हातारे आहात." दुकानदाराने तोंड फिरवलं. बालाजी दारात उभे होते. समोरच्या रस्त्यावरच्या पाट्या ते एकामागून एक वाचत होते, ओठ हलवत. एक संपली की दुसरी. गर्दी त्यांना धक्के देत होती. मग त्यांनी मागे न वळता विचारलं, "सर, वर्गातला फळा पोरांना असाच दिसत असतो का?"

मी "हो" म्हणालो.

सगळ्या मुलांना मी पुन्हा तपासलं, या वेळी कपाळासकट तोंडाला उपरणं गुंडाळून, फक्त डोळे उघडे ठेवून. दरोडेखोर आला म्हणून एक मुलगा रडला, त्याची समजूत घालण्यात बराच वेळ गेला. अंबरपेठच्या हवेतली विद्वत्ता एकदम उतरली. सावलीचं चित्र कुणालाच आलं नाही. मुलं मुलांसारखी निघाली आणि ईश्वरी त्यांच्यातलीच एक. माशाला तिने झाडावर ठेवलं, पण एवढं या वयात चालतं. रविवारी आज्जी उदगीरहून आल्या आणि चार दिवस राहून एकट्याच परतल्या. नातीने त्यांनाही रेघेमागे उभं केलं होतं, असं ऐकलं.

परतताना काचीगुड्यावर मला सोडायला वामनराव आले होते. मी स्टेशन चुकवू नये म्हणून त्यांनी माझा हातच धरला होता. तिथे बालाजी आणि ईश्वरीही आले. बालाजींनी फलाटाच्या टोकाकडे बघून, कुणी विचारलेलं नसताना सांगितलं, "सर, तुमचा डबा तिकडं पुढं हाय. हितूनच दिसायलंय."

मी डब्यात चढलो, खिडकीशी बसलो. आता विद्यालयात कुणी व्याख्यानाला बोलावलं तर त्या कोऱ्या पाटीचं काय करायचं, हा विचार मनात आला. वाक्य चांगलं आहे. फक्त ते म्हणताना माझ्या भुवया काय करत असतील, ते मला दिसत नाही आणि समोरच्यांना दिसतं.

गाडी हलली. वामनरावांनी हात वर केला. ईश्वरी बापाचं बोट सोडून फलाटावर उभी होती, चष्मा नाकावर घसरलेला, आणि लहान लहान होत चालली होती. बरीच लांब गेल्यावर मी मुद्दाम, एकदाच, भुवया उडवल्या.

मागून, गाडीच्या आवाजातूनही स्पष्ट, ऐकू आलं: "हे!"