गाडी गावात हाय

लग्न होऊन सासरी आले तेव्हा उंबरठा ओलांडायच्या आधी माझी नजर गेली ती पडवीवर. यात नवऱ्याचा अपमान नाही. नवरा आधी पाहिलेला होता, पडवी पाहिली नव्हती. चांगली लांबरुंद, कौलारू, रस्त्याच्या अंगाने भरपूर उजेड. वसईला माहेरी मी शिवणाचा कोर्स केला होता आणि पायमशीन बरोबर घेऊनच आले होते. त्या पडवीत मला माझा शिवणवर्ग दिसायला लागला: भिंतीशी मशीन, मध्ये कापडं बेतायचं टेबल, भोवती गावातल्या मुली. फक्त नेमकं टेबलाच्या जागी ताडपत्री पांघरून काहीतरी निजलं होतं.

"ती बाबांची मोटारसायकल," नवरा म्हणाला. आणि आत कुणी आजारी असावं तसा त्याने आवाज खाली आणला.

नव्या सुनेने पहिले काही दिवस जितका धीर धरायचा असतो तितका मी धरला. मग एका सकाळी ताडपत्री उचलली. खाली हवा गेलेली दोन चाकं, एक सांगाडा आणि इंजिन होतं. इंजिनावर सासूबाईंची कोंबडी अंड्यांवर बसली होती, तिने माझ्या हाताला चोच मारली. हँडल नाही, दिवा नाही, टाकी नाही, सीट नाही. मी ओट्यावर आले. सासरे पेपर वाचत बसले होते.

"बाबा, गाडीचं बाकीचं कुठे आहे?"

त्यांनी पेपर खाली घेतला नाही. "गाडी हाय ना, बाय. गावात हाय."

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं जरा सटकलंय. पण सटकलेलं अख्खं गाव होतं, हे पुढे कळलं.

आमचं गाव नालासोपाऱ्याहून कळंबला जायच्या रस्त्यावर. बाबांनी तरुणपणी लष्कराच्या लिलावात ही गाडी घेतली, तेव्हा पंचक्रोशीत इंजिन लावलेलं चाक हे एवढंच. बाई अडली की लोक बाबांच्या दारात. बाबा नर्सबाईला मागे बसवून आणत. कुणी शेवटच्या घटका मोजत असलं की फादरना आणत, आणि त्यांचा झगा चाकात जाऊ नये म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे लावत. गावातली निम्मी पोरं या गाडीमुळे सुखरूप जन्माला आली आणि निम्मे म्हातारे हिच्यामुळे स्वर्गात गेले, असा बाबांचा हिशेब होता. सासूबाई म्हणत, "सवर्गात गेलं का नाय ते कोन बघायला गेलंय? फादर येईपर्यंत तरी जगलं, एवडंच."

मग रस्ता झाला, एसटी आली, पुढे रिक्षाही दिसायला लागल्या. त्याच सुमाराला गाडीने मान टाकली. बाबांनी ती पडवीत उभी केली आणि दारात कोणी येईनासं झालं. ज्या माणसाला भर जेवणातून उठवून नेत, त्याला आता पोटभर जेवायला वेळच वेळ होता. सासूबाईंच्या शब्दांत, "गाडी बंद पडली नि मानूस पन बंद पडला."

तो पुन्हा चालू झाला एका दिव्यामुळे. मे महिन्यात आमच्या नाक्यावरच्या क्रुसासमोर रोज संध्याकाळी रोजरीची प्रार्थना होते, आणि त्या वर्षी नेमकी रोजरीच्या वेळेला वीज जायची. कुणीतरी चाचरत विचारलं, "काका, तुमच्या गाडीचा दिवा तसा पडूनच हाय..." बाबा आठवडाभर खपले, बॅटरी भरून आणली आणि दिवा क्रुसावर लावला. त्या महिन्यात जितके लोक क्रुसाच्या पाया पडले तितकेच येऊन बाबांशी बोलले.

मग काय, रीघच लागली. कोळणीने रॉकेल ठेवायला टाकी नेली. पाववाल्याने रबरी भोंपू सायकलला बांधला. टांगेवाल्याने स्प्रिंगचं सीट नेलं, कारण त्याच्या घोड्याची चाल अशी होती की मालकाचे दात हलायचे. मासे वाहायच्या हातगाडीला हँडल लागलं. मागचं मडगार्ड उलटं होऊन एका वाडीत विहिरीच्या पाण्याची पन्हळ झालं. आणि सायलेन्सर गेला नाटक मंडळीकडे. ते दर वर्षी वसईच्या किल्ल्याच्या लढाईचं नाटक करत, त्यात त्याला रुपेरी रंग देऊन तोफ केली होती.

पण हे सगळं मागितलं नि दिलं, असं नव्हतं. मागणारा ओट्यावर बसायचा, आधी मासळीचं नि केळीचं बोलायचा, मग हळूच विषय काढायचा. बाबा डोळे मिटून म्हणायचे, "बघावं लागेल." मग पाने आणले जायचे, नट तेलात भिजवला जायचा, आणि ती वस्तू कशी जपायची यावर प्रवचन व्हायचं. नेल्यानंतरही माणूस सुटत नसे. भोंपू कसा वाजतो, टाकी गळते का, हे अधूनमधून येऊन सांगावं लागे. येईल त्याला चहा. आणि चहा कोण करणार? गाडीचे नट संपत आले होते आणि आता माझ्या डब्यातली साखर.

मी रोज धुसफुसत असे. मशीन आमच्या खोलीत पलंगाला खेटून होतं. कापड पसरायला जागा नव्हती. शिवायला बसले की नवऱ्याला भिंतीकडे तोंड करून झोपावं लागे. एक दिवस त्याच्या ऑफिसातल्या कुणाच्या ओळखीने दादरहून एक हौशी गृहस्थ आले. त्यांना जुन्या विलायती गाड्यांचं वेड होतं. कोंबडीला बाजूला सारून त्यांनी इंजिनावरचा नंबर वाचला, आणि हात पुसायचंही विसरले.

"पूर्ण करून दिलीत तर नेतो," ते म्हणाले. "दोन आठवड्यांनी टेम्पो घेऊन येतो."

मला वाटलं, आता बाबा डोळे मिटतील. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला वर्ग काडायचा हाय ना, बाय? मंग घे पडवी."

एवढंच. मी भांडणाची जय्यत तयारी करून ठेवली होती, ती सगळी वाया गेली.

शनिवारी मी आणि बाबा गाडी गोळा करायला निघालो. कुणी कुरकूर करेल ही माझी आशा फोल ठरली. कोळणीने रॉकेल हंड्यात ओतून टाकी पुसून दिली, वर चार बोंबील ठेवले. पाववाल्याने भोंपू सोडला आणि जाता जाता शेवटचा एकदा वाजवून घेतला. टांगेवाल्याने सीट आपल्या टोपीने झटकून पॉलिश केलं. नाटक मंडळींनी तोफ दिली, पण विचारलं, "मंग आता किल्ला कसा पडायचा?" क्रुसावरचा दिवा काढताना बाबांनी आधी छातीवर क्रुसाची खूण केली. प्रत्येकाने वस्तू दिली आणि प्रत्येकाने एकच म्हटलं, "म्हंजे काका, गाडी चालली."

रविवारी चर्चमधली मिसा सुटल्यावर अर्धं गाव पांढऱ्या कपड्यांतच पडवीत आलं. ज्याने जे नेलं होतं तो ते लावू लागला, आणि कुणीच न मागितलेलं मागचं छोटं सीट बाबांनी माळ्यावरून काढलं. नवऱ्याने बाटलीत पेट्रोल आणलं. गाडी उभी राहिली तेव्हा मलाही मानावं लागलं की देखणी होती. बाबांनी किक मारली. मग टांगेवाल्याने मारली, मग पाववाल्याने, मग ज्यांचं मारायचं राहिलं होतं त्या सगळ्यांनी. शेवटी बाबांनी पुन्हा पाय ठेवला आणि ती तोफ उडाली. नाटकात कधी इतकी उडाली नव्हती. आवाज एकच झाला, पण आत जमलेली सगळी काजळी मागे उभ्या असलेल्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर आली. कोंबडी जी कौलावर गेली ती दुपारपर्यंत उतरली नाही. लोक इतके हसले की काही जण ओट्यावर बसले. बाबाही हसत होते. "झाली पुरी," ते म्हणाले. नवऱ्याने दादरला निरोप धाडला.

सोमवारी बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि ओट्यावर बसले. कोणी आलं नाही. मंगळवारीही आलं नाही. रस्त्याने जाणारे हात करत होते, पण थांबायला निमित्त नव्हतं. पाववाला तोंडाने ओरडत आला. घसा बसलेला होता, तरी पाव देऊन खाली मानेने गेला. मी सवयीने मोठं पातेलं चढवायची आणि चहा तसाच राहायचा. बाबा पेपर वाचत. दुपारी पाहिलं तर सकाळचंच पान समोर. मला राग आला. पडवी मिळाली तर आनंदाने नाचायचं सोडून मी त्या चहाच्या पातेल्यापाशी उभी राहून रडत होते, याचा जास्त राग आला.

सासूबाईंनी मला तसं पाहिलं. पुढे होऊन पातेलं काढून घेतलं.

बुधवारी मी ओट्यावर गेले आणि बाबांच्या समोर बसले. या घरात आल्यापासून मी तिथे कधी बसले नव्हते, चहा ठेवून जात असे. थोडं बोंबलांबद्दल बोलले. मग म्हटलं, "बाबा, माझं स्टूल फार टणक आहे. शिवायला बसून पाठ भरते. तुमच्या गाडीचं सीट मिळेल का?"

"ते टांगेवाल्याचं हाय."

"त्याने परत केलं. आता मोकळं आहे."

"गाडी जानार हाय, बाय."

"जाईल तेव्हा जाईल. पाठ माझी आज दुखतेय."

बाबांनी पेपरची घडी घातली. मग डोळे मिटले आणि म्हणाले, "बघावं लागेल."

संध्याकाळपर्यंत ते स्प्रिंगचं सीट माझ्या स्टुलावर बसलं होतं. ते कसं जपायचं हे मी निमूट ऐकून घेतलं. मशीन आम्ही पडवीतच आणलं, गाडीला खेटून. दुसऱ्या दिवशी पाववाला बसलेल्या घशाने भोंपू मागायला ओट्यावर आला, पाठोपाठ टाकीसाठी कोळीण आली. टांगेवाला आला तो तणतणत. "वयनी, सीट माजं हाय!" मी म्हटलं, होतं. बाबांनी निवाडा केला की मागेल त्याचं, आधी मागेल त्याचं. त्याला मागचं छोटं सीट दिलं, ज्यावर फादर बसत. तेव्हापासून तो गिऱ्हाइकांना सांगत असे की आपण फादरांच्या आसनावर बसतो.

रविवारी दादरचे गृहस्थ टेम्पो घेऊन आले. पडवीत दोन चाकं, सांगाडा, इंजिन आणि इंजिनावर कोंबडी. भोवती माझ्या पहिल्या चार मुली कागदावर झबली बेतत होत्या. गृहस्थ तिथेच उभे राहिले.

"अहो, पूर्ण झाली म्हणून निरोप होता. गाडी कुठाय?"

ओट्यावर पेपर हलला नाही. "गाडी हाय ना. गावात हाय."

ते बिचारे नाक्यापर्यंत जाऊन आले. दिवा क्रुसावर लागलेला त्यांनी पाहिला, तो काढून मागायची त्यांची काही छाती झाली नाही. परत येऊन ते काकुळतीने म्हणाले, "मी बाकीचं दुसरीकडून जमवीन. निदान सीट तरी द्या. असं सीट आता कुठे मिळत नाही."

तेव्हा कुठे बाबांनी पेपर खाली घेतला. फक्त माझ्याकडे पाहिलं, सगळ्यांनीच पाहिलं. माझ्या हातात ब्लाउजची बाही होती. मी पायडल मारत राहिले. उठले नाही.