दसरूभाऊंनी वायपरला तेल पाजलं

दसरू मेश्राम सव्वीस वर्षं आलापल्लीच्या रस्त्याने ट्रक चालवत होता आणि सव्वीस वर्षं घाबरत होता. दोन्ही कामं तो मनापासून करी. वाघाला घाबरे, विजेला घाबरे, पुलावरून जाणाऱ्या पाण्याला घाबरे, आणि यांतलं काहीच आसपास नसेल तर ते आत्ता कुठे दडून बसलं असेल या विचाराने घाबरे. पण सव्वीस वर्षांत त्याच्या चाकाखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती. गाव त्याला हसे, आणि अडलेल्या बाईला दवाखान्यात पोचवायचं झालं की त्याच गावाला दसरूचीच गाडी आठवे.

अशा माणसाच्या हाती खाणीवरच्या कंपनीने बॅटरीवर चालणारा ट्रक दिला.

जुना डिझेल ट्रक निघाला की दोन गावं आधीच कळे. हा नवा सुरू झाला तरी बसलेल्यालाही कळत नसे. पहिल्या दिवशी दसरू चावी फिरवून पाच मिनिटं तसाच बसून राहिला. शेवटी शेजारच्या गाडीतली दामिनी ओरडली, "दसरूभाऊ, गाडी चालू हाय! आता काय आरती ओवाळता का तिची?"

दामिनी रामटेके चोवीस वर्षांची. कंपनीने गावातल्या ज्या पोरींना ट्रक शिकवला, त्यांतली सगळ्यात तोंडाळ. दसरूने तिला घाटात गाडी कशी उतरवायची ते शिकवलं होतं आणि तिने त्याला मोबाइल. दोघांनाही आपापला विद्यार्थी ढ वाटे.

"बाई," तो तिला म्हणाला होता, "जंगलात आवाज न करता फिरनारे दोनच. एक वाघ, अन एक हे आपली गाडी."

पावसाळ्याआधी स्टोअरवाल्या भूपेशने प्रत्येक ड्रायव्हरला वायपरच्या पट्ट्यांची एक-एक जादा जोडी दिली. दामिनी त्या दिवशी सुट्टीवर होती, म्हणून तिच्या जोडीवरही दसरूनेच सही केली.

"पाकीट फोडू नका," भूपेश म्हणाला. "सीटच्या मागं आडवं ठेवा. ऊन लागू देऊ नका, वाकवू नका. बस."

आता, दसरूला 'बस' एवढ्यावर कुणी सोडलं तर झोप येत नसे. रबर कडक पडलं तर? ऐन पावसात चिरलं तर? त्याचा बाप बैलांचे चामडी पट्टे मिरगाआधी टोरीच्या तेलाने, म्हणजे मोहाच्या बियांच्या तेलाने, चोळून चुलीवरच्या दांडीला धुरात टांगत असे. ते पट्टे बैलांपेक्षा जास्त टिकले. दसरूने दोन्ही पाकिटं फोडली आणि चारही पट्ट्या मांडीवर घेऊन चोळायला बसला.

बायको बायनाबाई दारातून पाहत होती. "माह्या टाचेच्या भेगा बुजवाले तेल मांगतलं तं संपलं म्हने. अन त्या रबराची मालिश! त्याले अंघोळ बी घालता का?"

"तुले नाई समजत. जीव याच्यावर असते."

पंधरा दिवस पट्ट्या चुलीवर टांगून राहिल्या. मग त्याने त्या पुन्हा पाकिटात घातल्या आणि दामिनीची जोडी तिला नेऊन दिली. तिने हुंगून पाहिलं. "भाऊ, याले भज्याचा वास येऊन राह्यला."

"तेल पाजलं. दहा वर्षं पाहाचं काम नाई."

तिने हसत पाकीट सीटमागे टाकलं.

श्रावणात सलग तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी दुपारी खाणीवर माल भरताना दामिनी म्हणाली, "माहे वायपर सकाळपासून रडून राह्यले. भरून झालं का बदलतो. तुमची जोडी कामी आली, भाऊ."

दसरू खुशीत पुढे निघाला. दामिनी मागून पंधरा-वीस मिनिटांनी निघणार होती.

जंगलातला लांब उतार अर्धा झाला तोच त्याच्या समोरच्या वायपरचं रबर फाटून लोंबू लागलं. त्याने गाडी डावीकडे घेतली. चार वाजले होते, पण ढगांनी दिवस झाकून टाकला होता. समोर वनखात्याचा पत्र्याचा फलक, त्यावर रंगवलेला वाघ. चित्रकाराने त्याला थोडं हसरं तोंड दिलं होतं, त्यामुळे दसरूला तो जास्तच वाईट वाटला.

'हात जोडतो, पाच मिनिटं दे,' असं मनात म्हणत तो उतरला. वायपरचा दांडा उचलला. तो सुटून काचेवर आपटू नये म्हणून काचेवर खांद्यावरचा दुपट्टा पसरला. खटका दाबून फाटकी पट्टी काढली, तेल पाजलेली बसवली. जोडी आहे तर जोडीनेच बदलावी, म्हणून दुसऱ्या बाजूची धड पट्टीही काढून कमरेला खोचली आणि तिथेही तेलाचीच बसवली. हे सगळं करताना त्याने मागे अठरा वेळा पाहिलं.

केबिनमध्ये बसून त्याने वायपर लावले. पहिल्याच फेऱ्याला काचेवर ताक सांडल्यासारखं झालं. दुसऱ्या फेऱ्याला त्या ताकात चुलीची काजळी मिसळली. रस्ता गेला, झाडं गेली, वाघाचा फलकसुद्धा गेला. त्याने उतरून दुपट्ट्याने काच पुसली. फुगलेलं रबर बोटाला बुळबुळीत लागलं. पुसलं तेवढं तेल पुन्हा पसरलं.

"अरे बापा," दसरू पुटपुटला. "म्याच केलं हे."

आणि मग त्याला आठवलं. दामिनी.

तिने पट्ट्या बदलल्या असतील. ती भरल्या गाडीने याच उतारावरून येत असेल. उताराच्या पायथ्याशी रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, बाया चारच्या सुमाराला बांध सोडून रस्त्याने घरी जात. डोक्यावर प्लास्टिक ओढलेल्या, त्यावर पावसाचा ताशा. त्यांना ही गाडी कधीच ऐकू येत नसे. दसरू रोज तिथे थांबून, हॉर्न देऊन, खिडकीतून ओरडून त्यांना बाजूला करी. दामिनीला बाया दिसणार नाहीत, बायांना दामिनी ऐकू येणार नाही.

मोबाइलवर नेटवर्कची एकही काडी नव्हती.

त्याने चाकाचा पाना उचलला आणि केबिनच्या दारात थांबला. समोर उघडा रस्ता, दोन्हीकडे साग. गेल्याच आठवड्यात याच पट्ट्यात एक गुराखी सापडला होता, आणि सगळा सापडला नव्हता. "चाल रे," तो स्वतःलाच म्हणाला, आणि उतरून चढाकडे चालू लागला. मग पळू लागला.

डिझेलची गाडी असती तर दुरून ऐकू आली असती. आता कान देऊन काही उपयोग नव्हता. पाऊस पानांवर पडत होता, आणि त्या आवाजाखालून काहीही येऊ शकलं असतं, चार पायांचं किंवा दहा चाकांचं. एका जाळीत काहीतरी हललं. तो रस्त्याच्या मधोमध आला आणि पळत राहिला.

वळणावर अचानक दोन दिवे दिसले. आवाज नाही, नुसते दिवे मोठे होत होते. त्याने दुपट्टा हलवला. गाडी थांबली नाही. तिची काच पांढरीकाळी झालेली त्याला आता स्पष्ट दिसत होती. एवढ्या पावसात ओरडणं काही तिच्यापर्यंत पोचलं नसतं. कडेला तसलाच वाघाचा पत्रा होता. दसरूने दोन्ही हातांनी पाना त्या वाघाच्या तोंडावर हाणला. धाण! धाण! धाण! सगळं जंगल दणाणलं.

गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली.

दामिनीचं ओलं डोकं खिडकीबाहेरच होतं. चेहरा पांढरा पडला होता. "भाऊ! इथी काऊन उभे हाव? खानीवर पाऊस जरासा थांबला होता, उतारावर वायपर लावले अन तवापासून मले काहीच दिसून नाई राह्यलं. थांबावं तं वळनावर मांगून कोनी ठोकंल, म्हनून डोकं बाहेर काढून रस्त्याची कड पाहत सरकून राह्यली होती."

"तेल," दसरू कसाबसा म्हणाला. "माह्या तेलानं झालं, बाई. भूपेशनं सांगतलं होतं, पाकीट फोडू नोको म्हनून."

तिने काचेकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. एरवी तिने चार दिवस पुरेल एवढं ऐकवलं असतं. "मी मेली असती, भाऊ," ती हळूच म्हणाली. मग उतरली, पिशवीतून शाम्पूच्या दोन पुड्या काढल्या, आणि दोघांनी पावसातच काच धुतली.

तिच्या जुन्या पट्ट्या खाणीवरच्या भंगाराच्या पिंपात गेल्या होत्या. दसरूने स्वतःच्या गाडीतून काढलेली धड पट्टी कमरेची उपसून तिच्या समोर बसवली. माप एकच होतं. वायपर फिरला आणि रस्ता दिसला.

"अन तुमचं?"

"मी थांबतो पाऊस उघडेपर्यंत. तू खाली बायांपाशी थांबजो, हॉर्न देजो. मंग भूपेशले पट्ट्या घेऊन पाठवजो. अन त्याले खरं सांगजो, काऊन लागल्या ते."

"इथी एकटे? तुम्ही?" तिला हसूही आलं नाही. "माह्यासंगं चाला. गाडी राहू द्या."

"भरली गाडी रस्त्यावर हाय. मांगून कोनी आला तं त्याले सांगाले कोनी पाहिजे ना."

तिने अजून एकदा विचारलं, मग गेली. लाल दिवे वळणाआड गेल्यावर काहीच ऐकू येईनासं झालं. येणाऱ्याला दुरूनच कळावं म्हणून वळणाच्या वरच्या अंगाला रस्त्यावर फांद्या टाकायला हव्या होत्या, आणि फांद्या जंगलात होत्या. दसरूने पाना घट्ट धरला, खोकून घसा मोकळा केला, आणि "मी फांदी तोडून राह्यलो रे, फक्त फांदी!" असं मोठ्याने झाडीला सांगत एक पाय रस्त्याखाली टाकला.