डावा हात

परवा आलापल्लीच्या रस्त्यावर बस थांबली आणि खिडकीतून वाळत घातलेल्या तेंदूपानांचा कडवट वास आत आला. त्या वासानं मला थेट आमच्या अंगणात नेऊन बसवलं. तेव्हा दहावीची परीक्षा देऊन मी घरीच होते. माय पहाटे जंगलातून पानं तोडून आणायची आणि मग आम्ही दोघी मोहाच्या सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचो. एक दिवस तिला दरदरून घाम फुटला होता, पण मे महिन्यात तो कुणाला फुटत नाही? मधेच ती पुडा खाली ठेवून डावा हात चोळू लागली. "पानं तोडू तोडू दुखून राह्यला," म्हणाली. मी सहज विचारलं, "पानं तर तू उजव्या हातानं तोडते, मंग डावा काऊन दुखते?" माय आपल्या दोन्ही हातांकडे पाहतच राहिली. मग हळूच म्हणाली, "छातीत बी दाबल्यावानी होते. चार दिस झाले. म्हटलं, सीजन निघून जाऊ दे." मी धावत जाऊन शेजारच्या भाऊंची जीप आणली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, आणि माय खाटेवरून मला विचारत होती, "पानं पलटवली का वं?" तेव्हापासून फोनवर मी तिला जेवलीस का म्हणून विचारत नाही, डावा हात कसा आहे ते विचारते. परवा बसमधूनही विचारलं. "बरा हाय, गोळी बी घेतली," ती म्हणाली, "पन तुले कोन विचारते वं?" तेव्हा माझा उजवा हात माझाच डावा खांदा चोळत होता.