मऊ शिजलेले वाटाणे

पेजेवर काढलेल्या लांबलचक आजारपणानंतर आज आईला उसळ खायची परवानगी मिळाली होती. बाबांनी भिजवलेले काळे वाटाणे पातेल्यात मंद आचेवर ठेवले. मी म्हटलं, "कुकर लावा ना."

"कुकरमध्ये अंदाज येत नाही गं. तिला चावायचा त्रास नको."

थोड्या थोड्या वेळाने पळीत एक वाटाणा घेऊन, फुंकर घालून, ते बोटांत दाबून बघत राहिले. चारचौघांत त्यांनी आईचा हात कधी धरला नव्हता. काही माणसांची माया अशी चिमटीतच कळते.

आईने पहिला घास सावकाश गिळला. बाबा बघतच उभे राहिले.

"मीठ विसरलात," ती म्हणाली.

कितीतरी दिवसांनी ती त्यांच्यावर रागावली होती. बाबा डोळे पुसत, हसत मीठ आणायला वळले.