शिफ्टची वही

महत्त्वाकांक्षेशी काडीचा संबंध नसताना सुपरवायझर व्हायच्या हट्टाला पेटलेला माणूस अख्ख्या भोसरीत एकच, तो म्हणजे आमचे शेजारी. चाकणच्या एकाच कंपनीत आम्ही दोघे. ते मशीनवर, मी ऑफिसात. खुर्चीचा मोह म्हणावा, तर मीटिंगमध्ये ते उभे राहत, बसलं की झोप येते म्हणून. हुकूम सोडायची हौस म्हणावी, तर कॅन्टीनमध्ये जास्तीची पोळी मागतानाही "जमंल का?" असं विचारत. तरी दर वर्षी त्यांचा अर्ज ठरलेला आणि नकारही. कारण फॉर्ममध्ये 'पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?' या प्रश्नापुढे ते लिहीत, 'घरी.'

"अहो, असं लिहितात का?" मी एकदा वैतागलो.

"दुसरं लिवलं असतं राव, पण ते खरं न्हाई ना."

खरं काय ते मला त्यांच्या फ्रिजपाशी कळलं. तिथे एक वही टांगलेली होती, कंपनीत पाळी बदलताना भरतात तशी. मुलगी लहान, म्हणून वहिनी दुसऱ्या एका कंपनीत कायम पहिल्या पाळीला आणि हे कायम दुसऱ्या पाळीला. जोडीनं जेवण फक्त सुट्टीच्या दिवशी. बाकी संसार वहीत. 'दूध तापवलं. खोकल्याचं औषध दिलं. पेंडिंग: भांडी.' त्याखाली वहिनींचा शेरा: 'भांडी दुसऱ्यांदा पेंडिंग. खुलासा द्यावा.' त्याखाली यांचा खुलासा: 'साबण संपला. माफी असावी.' सुपरवायझरला जनरल शिफ्ट असते, माणूस सातला घरी पोचतो. त्यांना हवं होतं ते एवढंच.

पुढच्या मुलाखतीत मोठ्या साहेबांनी विचारलं, "पाळीची नोंद नीट ठेवता येईल?" यांनी पिशवीतून घरची वही काढून टेबलावर ठेवली. "नऊ वर्सांत एक पाळी चुकल्याली न्हाई, साहेब." साहेब साबणाच्या खुलाशापर्यंत वाचत गेले आणि हसले. नेमणूक त्याच आठवड्यात झाली.

पेढे खायला गेलो तेव्हा वही अजून तिथेच होती. शेवटची नोंद वहिनींच्या अक्षरात होती: 'दोघंही घरी. पेंडिंग काही नाही.' खाली दोघांच्या सह्या.

फॉर्ममधल्या त्या पाच वर्षांच्या प्रश्नापुढे मी दर वर्षी 'मॅनेजर' लिहिलं आणि झालोही. कशासाठी, ते मात्र आठवत नाही. आता घरी यायला नऊ वाजतात. जिना चढताना शेजारून भांडी घासल्याचा आणि दोघांच्या बोलण्याचा आवाज येतो, आणि मला त्यांचा हेवा वाटतो.